जुन्या मोटरसायकलचे पुढचे फोर्क पूर्ण जाम झालेत, सोडवायचे कसे?

किकस्टार्ट
नमस्कार मंडळी. बाबांची मोटरसायकल आहे, १९७४ ची, दोन सिलिंडरची, पुढे ड्रम ब्रेक. अठरा वर्षं एका शेडमध्ये उभी होती, ती आता बाहेर काढलीये. इंजिन हाताने फिरतंय, ते बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे आणि झटके खाणारे दोन पाय, अगदी दगड. हँडल धरून सगळं अंग टाकलं तरी तसूभर दबत नाहीत. साधारण मधेच कुठेतरी अडकलेत, ना पूर्ण वर ना पूर्ण खाली. बॉटम, म्हणजे ज्या खालच्या नळ्यांत स्टीलचे पाइप सरकतात त्या, ॲल्युमिनियमचे आहेत, पाइपवर रबरी बूट होते ते काढले तर आत तेल अडवणाऱ्या सीलच्या वर बोटभर रुंद गंजाचा पट्टा. दोन दिवस त्यावर गंज सोडवायचं तेल मारतोय, काही फरक नाही.
ओळखीचे मेकॅनिक म्हणाले पाइप कापून टाक आणि नवीन बसव. मला शक्यतो तेच पाइप ठेवायचेत, बाबा दर रविवारी स्वतः पुसायचे ते. सुरुवात कुठून करू? आणि कापायची वेळ खरंच येते का?

डबल_स्टँड
काहीही करा पण बॉटमवर हातोडा मारू नका. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

तेलकट_हात
थांबा, आधी हे बघा की फोर्क खरंच जाम आहेत की त्यांना कोणी आवळून धरलंय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच जण इथेच चुकतात. दोन पाय वर टी ला, म्हणजे हँडलखालच्या आडव्या पकडीला धरलेले, खाली ॲक्सलने एकमेकांना बांधलेले आणि मधे मडगार्डची पट्टी. ह्यातलं काहीही वाकडं बसलं तरी पाय एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि पाइप बुशमध्ये, म्हणजे तो ज्या बाहीत सरकतो तिच्यात, आडवा घासतो. कधी काळी कोणी चाक काढून घाईत परत बसवलं असेल तर तेवढंही पुरतं.
तर गाडीच्या इंजिनखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा, पुढचं चाक हवेत घ्या, गाडी दोन्ही बाजूंनी बांधा म्हणजे कलंडणार नाही. मग ॲक्सलच्या क्लॅम्पचे नट ढिले करा, मडगार्डचे बोल्ट ढिले करा, आणि दाबून बघा. फरक नाही पडला तर चाक आणि मडगार्ड काढूनच टाका आणि प्रत्येक पाय वेगळा ओढून बघा. त्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

चोक_ओढा
गॅसचा टॉर्च घ्या, बॉटम तापवा, पाइप धरून फिरवा, सुटेल. मी तीन गाड्यांचे असेच सोडवलेत.

टूलबॉक्सवाली
@चोक_ओढा, तापवण्याशी माझं भांडण नाही, टॉर्चशी आहे. आत जुनं तेल आहे, वरची कॅप बंद, खालचा ड्रेन स्क्रू बंद. बंद नळी तापवली की आतली हवा आणि तेलाची वाफ जाणार कुठे? शिवाय दोन दिवस बाहेरून जे तेल मारलंय ते पेट घेणारं. आणि ॲल्युमिनियम तापलेलं दिसत नाही, लोखंडासारखं लाल होत नाही. रंग बदलायची वाट बघत बसलात तर एकदम बसतं. त्याच्या कितीतरी आधीच, दोनशे डिग्रीच्या पुढे जास्त वेळ ठेवलं तर ते नरम पडायला लागतं.
तापवायचं का, ते पण सांगते. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. ३५ मिमीच्या भोकाचा बॉटम १०० डिग्रीने तापला तर भोक साधारण ०.०८ मिमीने मोठं होतं आणि आतला स्टीलचा पाइप तेवढाच तापला तरी ०.०४ नेच वाढतो. ती ०.०४ ची फट म्हणजे गंजाची पकड सुटायला पुष्कळ. आणि पाइप तुलनेने थंड ठेवलात तर फट अजून मोठी. त्यासाठी हीट गन पुरते, नाहीतर फडक्यात गुंडाळून वरून उकळतं पाणी ओता. पण आधी कॅप उघडी, स्प्रिंग बाहेर, तेल काढलेलं, वरचं तेल पुसलेलं. मग खुशाल तापवा.

चोक_ओढा
मान्य आहे ताई. माझ्या तिन्ही वेळा कॅप काढलेली होती, ते लिहायचं राहिलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

किकस्टार्ट
मंडळी, बातमी! काल रात्री @तेलकट_हात यांनी सांगितलं तसं चाक काढलं. ॲक्सलचा डावा क्लॅम्प ढिला करताच डावा पाय कुचकन आवाज करून एक इंच खाली आला!! म्हणजे डावा जाम नव्हताच, आवळलेला होता. चाक काढल्यावर तो हाताने वर-खाली होतोय, जड आहे पण होतोय. उजवा मात्र तसाच. म्हणजे आता अर्धीच लढाई उरली.

तेलकट_हात
वा! बघा, त्या डाव्याचा पाइप कापला असता तर? उजवा अडकला म्हणून डाव्याला पण हलता येत नव्हतं आणि त्यात क्लॅम्प वाकडा.
आता उजव्याकडे. काढायच्या आधी, पाय गाडीवर असतानाच तीन गोष्टी. एक, वरच्या टी चा आवळणारा बोल्ट ढिला करा आणि मग वरची मोठी कॅप फक्त मोडा, म्हणजे पाव आटा फिरवा, उघडू नका. पाय हातात घेतल्यावर ती कॅप सुटता सुटत नाही. दोन, बॉटमच्या अगदी खाली, ॲक्सलच्या भोकातून वर बघितलं तर आत ॲलन बोल्ट दिसेल, तो डँपर रॉड, म्हणजे तेलातून फोर्कची उसळी आवरणारा आतला दांडा, धरतो. तो पण आत्ताच मोडा, कारण स्प्रिंगचा दाब आहे तोवर आतला रॉड फिरत नाही. स्प्रिंग काढलीत की बोल्टबरोबर रॉड पण गोल गोल फिरतो. तीन, ड्रेन स्क्रू उघडून खाली डबा.
कॅपचे शेवटचे दोन आटे राहतील तेव्हा तोंड तिच्या वर आणू नका. स्प्रिंग दाबलेली असते. जाड फडकं घेऊन तळव्याने दाबत दाबत सोडा.

न्यूट्रल
शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. माझ्या भावाची कॅप छताला लागून खाली आली होती, छताला खळगा आहे अजून.

जुनाट
थोडं विषयांतर करतो, चालेल ना. आपण ज्या फोर्कशी झगडतोय तो मुळात आला कसा हे फार सुंदर प्रकरण आहे. त्याआधी पुढे गर्डर असायचे, उघडी स्प्रिंग, उघडे सांधे, दर काही दिवसांनी ग्रीस. मग १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ ला टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारा आणि तेलाने उसळी आवरणारा फोर्क दिला आणि सगळं चित्र पालटलं. जगातला पहिला टेलिस्कोपिक फोर्क.

टूलबॉक्सवाली
पहिला नाही हो. डेन्मार्कच्या निंबस मोटरसायकलला १९३४ मध्येच टेलिस्कोपिक फोर्क होता, आणि स्कॉटच्या गाड्यांना तर १९०८ पासून नळीत सरकणारी पुढची रचना होती. बीएमडब्ल्यूचं मोठेपण तेलाच्या डँपिंगमध्ये, म्हणजे उसळी आवरण्यात आहे, कारखान्यातून तसा फोर्क घेऊन बाहेर पडलेली पहिली गाडी ती.

जुनाट
बरोबर, डँपिंगसकट पहिली असं म्हणायला हवं होतं. आणि मग १९४१ ला मॅचलेसच्या जी ३ एल ला टेलिड्रॉलिक नावाचा असाच फोर्क आला, महायुद्धात लष्कराने त्या गाड्या वापरल्या आणि युद्ध संपल्यावर जो तो टेलिस्कोपिक. मला एवढंच म्हणायचंय की जे तेल आत कोंडून ठेवल्यामुळे हा फोर्क इतका छान चालतो ते तेल सीलमागे आहे म्हणून चालतं. गाडी उभी राहिली की सीलच्या वरचा भाग कोरडा आणि खालचा ओला, आणि मधे जो काठ असतो तिथेच गंज धरतो. किकस्टार्टने लिहिलेला पट्टा तोच.

डबल_स्टँड
आणि त्यावर रबरी बूट. बूट फाटला की पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. मी सगळ्या गाड्यांचे बूट काढून टाकलेत.

तेलकट_हात
ह्याला माझा विरोध. बूट नसले की धूळ आणि खडे थेट पाइपवर. क्रोमला ओरखडा पडला की तिथून गंज. बूट फाटला तर नवीन घाला, खालच्या बाजूला हवेची भोकं मोकळी ठेवा आणि वर्षातून एकदा वर सरकवून आत पुसा. दोष बुटाचा नाही, उभ्या गाडीचा आहे.

किकस्टार्ट
विषयांतर आवडलं, खरंच. आता परत उजव्या पायाकडे. कॅप निघाली (तळव्याने दाबली, @न्यूट्रल तुमची आठवण काढत). स्प्रिंग निघाली. खालून तेल म्हणून जे आलं ते दुधाळ, करड्या रंगाचं, आंबट वास, शेवटी तर सरळ पाणी. पण ॲलन बोल्ट मोडायचा राहिला, कारण माझी चावी तिथवर पोचतच नव्हती आणि आता लांब चावी आणली तर रॉड फिरतोय, बोल्ट सुटत नाही. काय करू?

चोक_ओढा
इम्पॅक्ट गन असेल तर लावा, पाच सेकंद. झटक्याने सुटतो, रॉडला फिरायला वेळच मिळत नाही. नसेल तर झाडूचा जुना लाकडी दांडा घ्या, टोक निमुळतं तासा, वरून पाइपमध्ये घालून रॉडच्या डोक्यात जोरात ठोकून बसवा. एकाने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने खालून बोल्ट. मी प्रत्येक वेळी असंच करतो. बोल्टखाली तांब्याचा वॉशर असेल तो जपा, पण परत बसवताना नवीनच घाला.

लेथवाला
सगळं वाचलं. दुधाळ तेल म्हणजे पाणी वर्षानुवर्षं आत होतं, म्हणजे गंज फक्त सीलपाशी नाही, आत बुशपाशी पण असणार. आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते ती गंजापेक्षा वाईट, कारण ती जागा खाते आणि पाचरीसारखी अडकते.
माझी पद्धत सांगतो. दाब बाहेरून द्यायचा नाही, आतून द्यायचा. वरची कॅप परत घट्ट बसवा, स्प्रिंगशिवाय. ॲलन बोल्ट सुटला नसेल तर उत्तमच, खालचं भोक त्यानेच बंद आहे, फक्त त्या बोल्टने रॉड धरलेला आहे तोवर पाइप पूर्ण बाहेर येणार नाही, एक हद्दीपर्यंत येईल. सध्या तेवढंच हवंय. आता ड्रेन स्क्रूच्या भोकात त्याच आट्याचा ग्रीस निपल बसवा आणि ग्रीस गनने ग्रीस भरत जा. नळी पूर्ण भरेपर्यंत बरंच ग्रीस लागेल, धीर धरा. भरली की गन जड होते, मग एकेक ठोका सावकाश. पाइप मिलिमीटर मिलिमीटरने वर येतो, ते बघण्यासारखं असतं.

न्यूट्रल
हेच कॉम्प्रेसरच्या हवेने नाही का होणार? ग्रीसची घाण तरी टळेल.

लेथवाला
अजिबात नाही! हवा दबते आणि दबलेली हवा म्हणजे ताणलेली स्प्रिंग. पाइप सुटला की गोळीसारखा जाईल. ग्रीस दबत नाही, पाइप जरा हलला की दाब लगेच शून्य. दहा मिनिटं साफसफाई जास्त करा पण हवेचं नाव काढू नका. ब्रेकच्या अडकलेल्या पिस्टनला पण हाच नियम.

टूलबॉक्सवाली
लेथवाले काकांशी पूर्ण सहमत. फक्त एक भर, ग्रीस भरायच्या आधी पाय सरळ उभा ठेवून चार-पाच दिवस सीलच्या खळग्यात डिझेल किंवा अर्धं ॲसिटोन आणि अर्धं गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल भरून ठेवा. धूळसील काढा म्हणजे खालची सर्क्लिप, म्हणजे सील जागेवर धरणारी तारेची कडी दिसेल, ती पण गंजलेली असणार, ती न काढता ओढलंत तर सीलच अडसर होईल. आणि ॲसिटोनवालं मिश्रण सुकल्याशिवाय हीट गन जवळ आणायची नाही.

डबल_स्टँड
सर्क्लिप सगळ्यांना नसते. माझ्याकडच्या जुन्या ब्रिटिश गाडीला सील आटे असलेल्या कॉलरमध्ये आहे, कॉलर फिरवून काढावी लागते. ती पाइप रेंचने धरलीत की कायमचे दात उमटतात, पट्ट्याचा पाना वापरा. आपल्या गाडीला काय आहे ते आधी पुस्तकात बघा.

किकस्टार्ट
सर्क्लिपच आहे, तीन तुकड्यांत निघाली. डिझेल भरून पाय सरळ उभा केलाय. आता मूळ प्रश्न परत विचारतो. ह्यानेही नाही सुटला तर कापू का? घरात दोन मतं आहेत. आई म्हणते गाडी चालली पाहिजे, पाइप काय घेऊन बसलास. मला मात्र कापायचा धीर होत नाही.

जुनाट
मी तुमच्या बाजूने. जुन्या गाडीत जे मूळचं आहे त्याला मोल आहे, एकेक बदलत गेलं की नंबर प्लेट तेवढी जुनी राहते.

लेथवाला
मी आईंच्या बाजूने आणि त्याचं कारण भावनेचं नाही. पाइप म्हणजे सरळ स्टीलची नळी, वर क्रोम. तो नवीन बनतो, जुन्यावर परत हार्ड क्रोम होतं, घासून मापात आणता येतो. बॉटम म्हणजे ओतीव ॲल्युमिनियम, त्यावर ब्रेकचा टेकू, मडगार्डचे कान, ॲक्सलची बैठक. तो तडकला किंवा आतून ओरबाडला तर तसाच दुसरा शोधत वर्षं जातात. लोक पाइप वाचवायच्या नादात बॉटम शिकंजात आवळतात, ठोकतात, फिरवतात आणि जी वस्तू मिळत नाही तीच घालवतात. म्हणून पाइप जाऊ द्या, बॉटम राखा. शेवटचा उपाय म्हणून पाइप सीलच्या वर कापून उरलेला तुकडा लेथवर आतून बोअर करत पातळ करायचा, कागदासारखा झाला की आत दुमडून निघतो, बॉटमला ओरखडा पण नाही.

तेलकट_हात
हे मी पंधरा वर्षांपूर्वी वाचलं असतं तर माझा एक बॉटम वाचला असता. धन्यवाद काका.

किकस्टार्ट
सहा दिवसांनी येतोय. सुटला!!!
क्रम सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. पाच दिवस डिझेल. मग सगळं पुसून, वाळवून, कॅप उघडी ठेवून हीट गनने बॉटमचा वरचा भाग तापवला, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होईल इतका. पाइपमध्ये ओलं थंड फडकं कोंबलं होतं. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत पाइप धरून बॉटम फिरवला, केसभर हलला. थंड होऊ दिला, परत डिझेल, परत तापवला. तिसऱ्या वेळी कॅप बसवून ग्रीस. साधारण चाळिसाव्या ठोक्याला कट्ट आवाज आला, मी घाबरलो की बॉटम गेला, बघतो तर पाइप चार मिमी वर! त्यानंतर लोण्यासारखा. हद्दीपर्यंत आल्यावर झाडूचा दांडा लावून ॲलन बोल्ट काढला आणि मग बॉटम धरून दोन-चार झटके दिले तशी बुश आणि सील दोन्ही पाइपबरोबर बाहेर.
बॉटम आतून स्वच्छ आहे, थोडी पांढरी पूड, ती नायलॉनच्या ब्रशने गेली. पाइपवर मात्र खड्डे आहेत. नखाला लागतात.

टूलबॉक्सवाली
अभिनंदन!! आता खड्डे कुठे आहेत ते महत्त्वाचं. टी च्या आत किंवा हेडलाइटच्या कानाखाली जे झाकलं जातं तिथे असतील तर सोडून द्या. पण सील जिथून सरकतो तेवढ्या पट्ट्यात नखाला लागणारा खड्डा म्हणजे सीलला करवत. बारीक एखाद-दुसरा असेल तर नीट साफ करून इपॉक्सी भरा, आणि कडक झाल्यावर १००० मग २००० चा पेपर तेल लावून. बरेच असतील तर हार्ड क्रोम किंवा नवीन.
आणि त्याआधी सरळ आहे का बघा. जाड काचेवर लोळवा, खाली उजेड दिसतो का. व्ही ब्लॉक (पाइप टेकवायचे खाचेचे ठोकळे) आणि बाक मोजायचा डायल असेल तर अजून चांगलं, बऱ्याच मॅन्युअलमध्ये ०.२ मिमीची मर्यादा देतात.

किकस्टार्ट
डायलवर बघून आलो. डावा ०.०५. उजवा ०.६. बाबांनी एकदा गाडी पडल्याचं सांगितलं होतं, मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. ते म्हणायचे काही झालं नाही, फक्त आरसा फुटला. फोर्क वाकला होता आणि तसाच ते इतकी वर्षं चालवत राहिले.
तर ठरलं. उजवा पाइप नवीन. डावा बाबांचाच, त्याला दोन बारीक खड्डे आहेत ते इपॉक्सीने भरतो. दोन्ही बॉटम मूळचे.

लेथवाला
योग्य. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ होतो पण क्रोमला केसासारख्या भेगा जातात, दिसत नाहीत, नंतर तिथूनच सोलतो. नवीन पाइप घेताना व्यासच नाही, पूर्ण लांबी पण डाव्याशी जुळवून बघा. आणि डाव्या-उजव्या स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा, एक बसलेली असेल तर जोडीनेच बदला.

न्यूट्रल
तेल किती आणि कुठलं?

तेलकट_हात
मॅन्युअलमध्ये जेवढे मिली लिहिलेत तेवढे, आणि दोन्हीकडे अगदी सारखे. पण पूर्ण कोरडा केलेला फोर्क आणि नुसता रिकामा केलेला फोर्क ह्यांना वेगवेगळे आकडे असतात, कारण रिकाम्यात थोडं तेल आत चिकटून राहतं. तुमचा कोरडा आहे. मिलीपेक्षा भरवशाचं म्हणजे पातळी, स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि पाइपच्या काठापासून तेलापर्यंत पट्टीने माप. कुठलं तेल म्हणाल तर पुस्तकात सांगितलेलंच, आणि दोन्ही पायांत एकाच डब्यातलं, कारण फोर्क तेलावर लिहिलेला १० किंवा १५ हा आकडा प्रत्येक कंपनीत सारखा जाड नसतो.
सील बसवताना पाइपच्या वरच्या काठावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढा, तेल लावा आणि मग सील सरकवा, नाहीतर पाइपचा काठ सीलचा ओठ कापतो. सीलची ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. वर जुना सील उलटा ठेवून त्यावरून जाड प्लास्टिकच्या नळीने ठोका, सर्क्लिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत.

किकस्टार्ट
सगळं बसवलं. चाक लावलं. दाबतो तर परत जड!! आता काय?

तेलकट_हात
घाबरू नका, पहिल्या दिवशी डाव्याला झालं तेच. ॲक्सलचे क्लॅम्प आणि मडगार्ड दोन्ही ढिले करा. आधी फक्त ॲक्सलचा मोठा नट आवळा. गाडी चाकावर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा जोरात दाबा, पाय आपोआप आपली जागा घेतात. त्यानंतर क्लॅम्प, आणि सगळ्यात शेवटी मडगार्ड. क्लॅम्पच्या टोपीवर बाण असेल तर तो पुढे, पुढचा नट आधी पूर्ण, मग मागचा, फट मागेच राहायला हवी.

किकस्टार्ट
केलं. आत्ता अंगणात उभा आहे, हात तेलात, फोन आई धरून आहे, मी सांगतोय ती टाइप करतेय. दाबला की खाली जातो आणि हळूच वर येतो. आवाज नाही. आई म्हणते बाबा स्टँडवरून गाडी काढायचे तेव्हा पुढून अश्शीच वाकायची.

डबल_स्टँड
काकूंना नमस्कार सांगा. आणि चालवायच्या आधी ड्रमच्या लायनिंगवर ग्रीस उडालंय का एकदा बघा.